किती मागे जायचे आहे? कार्यालयातल्या बॅकअपच्या जागेचा हिशेब : प्रस्तावना

मार्च उजाडला की हिमायतनगरच्या बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानांवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "भाऊ, हार्डडिस्क एक टीबीची घेऊ का दोनची?" विचारणारा कधी अडतीचा मुनीम असतो, कधी पतसंस्थेचा सचिव, कधी कृषी सेवा केंद्राचा मालक, तर कधी शाळेचा लिपिक. दुकानदार उलट विचारतो, "डेटा किती आहे?" त्यावर "असंल की बराच. टॅली हाय, स्कॅनिंग हाय," एवढेच उत्तर मिळते. मग खिसा बघून डिस्क घेतली जाते. वर्ष-दीड वर्षात ती भरते. भरली की जुन्या प्रती पुसून जागा केली जाते, आणि पुढे जी प्रत लागणार असते तीच बरेचदा त्या सफाईत जाते.

डेटा किती आहे हे विचारायला हवेच, पण ते नंतर. आधी ठरवायचे ते हे की वेळ आली तर आपल्याला किती मागे जाता आले पाहिजे. कालच्या संध्याकाळपर्यंत, मागच्या महिनाअखेरपर्यंत, की आठ वर्षांपूर्वीच्या ३१ मार्चपर्यंत? आणि आपल्या कामात रोज नवे किती येते, जुने किती बदलते? या दोन गोष्टी कळल्या की जागेचा आकडा कागद-पेन्सिलीने काढता येतो. त्या कळल्या नाहीत तर दोन टीबीची डिस्कही अपुरी पडते आणि दहा टीबीचीही. या पुस्तकाचा सगळा खटाटोप या एका मुद्द्याभोवती आहे.

पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यांची कार्यालये डोळ्यांसमोर ठेवूनच ते लिहिले आहे. हिमायतनगर, म्हणजे जुन्या लोकांचे वाढोणा, हा नांदेड जिल्ह्याचा तेलंगणाला टेकलेला तालुका. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे हे गाव. इथे तहसील आहे, पंचायत समिती आहे, नगरपंचायत आहे. बँका, पतसंस्था, सेवा सहकारी सोसायट्या, कापसाचे व्यापारी, सेतू केंद्रे, फोटो स्टुडिओ आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन ते दहा संगणक चालतात. संगणकासाठी वेगळा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी नाही. जो टॅली भरतो तोच प्रिंटरचा कागद काढतो आणि तोच बॅकअप घेतो. मोठ्या शहरातल्या कंपन्यांसाठी लिहिलेली पुस्तके त्याच्या उपयोगाची नाहीत, कारण त्यांत विजेचे जाणे-येणे, पाच एमबीपीएसचा अपलोड आणि मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखालची खोली या गोष्टी धरलेल्याच नसतात.

किती मागे जायचे, हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या महसुली आणि इतर नोंदी उर्दूत आणि मोडीत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. रेकॉर्ड रूममधले बस्ते सोडले गेले, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधले गेले, शाळांचे जुने प्रवेश-निर्गम उतारे आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या चाळल्या गेल्या. सापडलेली पाने स्कॅन झाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. ज्या कारकुनाने ती नोंद केली त्याला शंभर वर्षांनी ती कोणाला आणि कशासाठी लागेल याची काहीच कल्पना असणे शक्य नव्हते. कागद टिकला म्हणून नोंद टिकली. आज संगणकात होणाऱ्या नोंदी अशा आपोआप टिकणार नाहीत. बस्ता पन्नास वर्षे कपाटात पडून राहिला तरी बहुधा वाचता येतो. हार्डडिस्क दहा वर्षे पडून राहिली तर ती सुरू होईल याची हमी कोणी देत नाही.

त्या जुन्या दप्तराने आपल्याला आणखी एक गोष्ट तयार करून ठेवली आहे, ती म्हणजे अभिलेख वर्गीकरण. जिल्हा परिषदेत काम केलेल्या माणसाला हे पाठ असते : 'अ' वर्ग कायम, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा, 'क-१' पाच आणि 'ड' एक वर्ष. प्रत्येक कागद कुठल्या तरी वर्गात जातो, मुदत संपली की रीतसर नष्ट होतो आणि कपाट मोकळे होते. संगणकाच्या जगात यालाच मोठ्या नावांनी धोरण वगैरे म्हणतात आणि ते शिकवायला सल्लागार येतात. आपल्या कारकुनाला ते येते. फक्त ते संगणकातल्या फोल्डरला लावायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नाही. या पुस्तकातला जागेचा हिशेब या वर्गीकरणापासून सुरू होतो तो म्हणूनच. ज्या कार्यालयाने आपले फोल्डर अ-ब-क-ड मध्ये लावले त्याचे निम्मे काम डिस्क विकत घेण्याआधीच होते.

आता या विषयाचा थोडा इतिहास. तो माहीत असला तर आजची साधने अशी का आहेत ते उमगते. १९५२ साली आयबीएमने चुंबकीय फितीचे ७२६ हे यंत्र आणले. त्याच्या एका रिळावर मावणारा मजकूर आजच्या मोबाइलमधल्या एखाद्या फोटोएवढा होता. पुढची तीस-चाळीस वर्षे बॅकअप म्हणजे फीत हेच समीकरण राहिले. फिती महाग होत्या, त्यामुळे त्या फिरवून वापरण्याची शिस्त आली. रोजची फीत आठवड्याने पुसायची, आठवड्याची महिन्याने, महिन्याची वर्षाने. या पद्धतीला आजोबा-वडील-मुलगा असे नाव पडले आणि ते अजून चालते. फिती आजही आहेत. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ या जातीच्या एका काडतुसात १८ टीबी मावतात. मोठ्या बँका आणि संशोधन संस्था त्या वापरतात. तालुक्याच्या गावाला त्यांचे यंत्र परवडत नाही, म्हणून पुस्तकात त्यांचा उल्लेख आहे, विस्तार नाही.

आपल्याकडे ही गोष्ट फ्लॉपीपासून सुरू झाली. १.४४ एमबीची ती साडेतीन इंची चकती, मग ७०० एमबीची सीडी, ४.७ जीबीची डीव्हीडी, मग पेन ड्राइव्ह आणि आता खिशात मावणारी काळी डिस्क. या प्रवासात जागा लाखो पटींनी वाढली, पण हिशेब करण्याची सवय घटली. फ्लॉपीच्या काळात डीटीपीवाला कुठली फाइल ठेवायची याचा विचार करी, कारण जागाच नव्हती. आज तो सगळा डेस्कटॉप उचलून डिस्कवर टाकतो. त्यात तीच पत्रिका चार नावांनी असते, आणि ज्या श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये ती केली तो फॉन्ट मात्र नसतो. फॉन्टविना ती फाइल उघडली की अगम्य अक्षरांची रांग दिसते. काही केबीचा फॉन्ट राहून जातो आणि शंभर जीबीची प्रत निकामी होते. जागेचा अंदाज करताना फक्त मोठ्या फाइलींकडे पाहून चालत नाही, ते असे.

प्रती घेण्याच्या रीतींत तीन घराणी मानता येतील. सर्वांत जुने आणि सोपे घराणे दर वेळी सगळे उचलणारे. त्याला पूर्ण बॅकअप म्हणतात. परत आणायला सर्वांत सुटसुटीत, जागा खाण्यात सर्वांत पुढे. दुसरे घराणे फक्त बदललेले उचलणारे. त्यात दोन शाखा आहेत : काल रात्रीनंतर जे बदलले तेवढेच घेणारी, आणि शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर जे जे बदलले ते सगळे रोज घेणारी. पहिलीत जागा कमी लागते, पण परत आणताना सोमवारपासून शनिवारपर्यंतची प्रत्येक कडी शाबूत असावी लागते. दुसरीत दोनच कड्या लागतात, पण आठवडा सरत जातो तसा रोजचा बोजा वाढतो. युनिक्सच्या जगात शून्य ते नऊ अशा पातळ्या लावून या दोन्ही शाखा एकत्र वापरल्या जात.

तिसरे घराणे नवे. त्याने फाइल हे एकक सोडून दिले. फाइलीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला त्याच्या मजकुरावरून काढलेली खूण द्यायची आणि तीच खूण पूर्वी आली असेल तर तो तुकडा पुन्हा ठेवायचाच नाही. १९९६ च्या आरसिंकने बदललेला भागच तेवढा पाठवण्याची युक्ती दिली, २००२ मध्ये बेल लॅब्जच्या व्हेंटीने खुणेवरून साठवण्याची रीत दाखवली, आणि आज रेस्टिक किंवा बोर्ग यांसारखी फुकट मिळणारी साधने हे काम साध्या संगणकावरही करतात. आमच्यासारख्या कार्यालयांसाठी मी याच घराण्याच्या बाजूने आहे. त्याचे कारण आकड्यांत आहे, ते पुढे देतो.

क्लाउड हे वेगळे घराणे नाही, ती फक्त प्रत ठेवण्याची जागा आहे. गूगल ड्राइव्हवर फोल्डर जोडून ठेवले की बॅकअप झाला, हा समज मात्र मोडून काढला पाहिजे. इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते, इथे खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेली तिथेही कुलूपबंद होते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण 'काही दिवस' हे 'क' वर्गाच्या दहा वर्षांना पुरत नाहीत. एकाच पेटीत दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत बसवल्या असतील तर त्यांनाही हाच न्याय लागू आहे. त्या डिस्क बिघडण्यापासून वाचवतात, माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीपासून नाही.

जागेचा अंदाज करणाऱ्यांतही मतमतांतरे आहेत. एक मत ठोकताळ्याचे : आहे त्याच्या तिप्पट जागा घ्या आणि मोकळे व्हा. दुसरे सूत्राचे : आजचा आकार, रोजच्या बदलाचे टक्के, ठेवायच्या दिवसांची संख्या आणि वार्षिक वाढ यांचे गणित मांडा. तिसरे म्हणते, मोजूच नका, क्लाउडवर टाका आणि लागेल तेवढ्याचे पैसे द्या. २००६ मध्ये ॲमेझॉनने एस-३ ही सेवा सुरू केल्यापासून हे तिसरे मत जोरात आहे. चौथे मत, ज्याच्याशी हे पुस्तक बांधील आहे, ते सांगते की महिनाभर प्रत्यक्ष मोजा आणि मग सूत्र लावा. ठोकताळा स्टुडिओवाल्याला बुडवतो, पतसंस्थेला उगाच खर्चात पाडतो. सूत्रात 'रोजचा बदल २ टक्के' असे कुठून तरी उचललेले टक्के घातले की उत्तरही उसनेच येते. आणि क्लाउडचे बिल दरमहा येते, तेव्हा न मोजल्याचा भुर्दंड मोजल्यावाचून कळत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, कर सल्लागाराचे पाच संगणकांचे कार्यालय आहे. प्रत्येकात ५०० जीबीची डिस्क, म्हणजे एकूण २,५०० जीबी. भरलेले ९०० जीबी. त्यातले ३०० जीबी विंडोज आणि सॉफ्टवेअर. ते पुन्हा टाकता येते. उरलेल्या ६०० मध्ये २५० जीबी सिनेमे, जुन्या सेटअप फाइली, व्हॉट्सॲपवरून उतरलेले आणि तेच पीडीएफ तीन-तीन ठिकाणी. खरे काम ३५० जीबी. नुसते हे वर्गीकरण केल्याने २,५०० चा आकडा ३५० वर आला. रोज फाइलींच्या मापाने ३ जीबी बदलते. टॅलीत चार व्हाउचर टाकले तरी कंपनीच्या डेटाची अख्खी फाइल 'बदललेली' ठरते. आउटलुकची दहा-बारा जीबीची फाइल एका मेलने बदलते. तुकड्यांच्या मापाने पाहिले तर खरोखर नवे जेमतेम १ जीबी.

आता जुन्या रीतीने दर आठवड्याला पूर्ण प्रत घेतली, चार आठवडे, बारा महिनाअखेर आणि आठ वर्षअखेर ठेवल्या, तर २४ पूर्ण प्रती झाल्या. सगळ्या आजच्याच आकाराच्या धरल्या तरी ८,४०० जीबी. रोजच्या बदलांचे सत्तरएक जीबी वेगळे. म्हणजे साडेआठ टीबी. तुकड्यांच्या रीतीने आठ वर्षांतला प्रत्येक कामाचा दिवस ठेवला, वर्षाला ३०० दिवस धरले, तर ३५० अधिक २,४००, म्हणजे पावणेतीन टीबी. एकतृतीयांश जागेत पन्नासएक पट तारखा हाताशी राहतात. आठ वर्षांची जागा आजच घ्यायचीही गरज नाही. तीन वर्षांसाठी ३५० अधिक ९०० म्हणजे १,२५० जीबी. डिस्कचा चौथा हिस्सा मोकळा ठेवायचा धरला तर १,६७० जीबीच्या आसपास. २ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये १,८६३ जीबी दाखवते. तेवढ्यात हे बसते. दुकानातल्या प्रश्नाचे या कार्यालयापुरते उत्तर असे : दोन टीबीच्या दोन, एक कार्यालयात, एक बाहेरगावी.

यात मी दाबून भरण्याचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा, फायदा धरलेला नाही. तो धरताना जपून असावे. कापूस मोकळा असतो तोवर त्याची गाठ बांधून जागा वाचते. बांधलेली गाठ पुन्हा दाबून काही हाती लागत नाही. टॅलीचा डेटा, एक्सेल, साधा मजकूर हा मोकळा कापूस, तो निम्म्याहून कमी होऊ शकतो. फोटो, व्हिडिओ आणि बहुतेक पीडीएफ या आधीच बांधलेल्या गाठी. सॉफ्टवेअरच्या पेटीवर 'निम्मी जागा पुरेल' असे लिहिलेले असते, तो हिशेब फोटो स्टुडिओत चालत नाही.

स्कॅनिंगबद्दल अधिक सांगायला हवे, कारण आपल्या कार्यालयांत जागा सर्वाधिक खाणारी आणि हिशेबात सर्वांत कमी येणारी गोष्ट तीच. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर स्कॅन केले तर २,४८० गुणिले ३,५०८ बिंदू होतात. रंगीत असेल तर मूळ आकार २६ एमबी, जेपीईजी केल्यावर साधारण एक एमबी. तेच पान काळे-पांढरे घेतले आणि योग्य रीतीने दाबले तर ६० केबीच्या आसपास. लाख पानांचे दप्तर रंगीत केले तर १०० जीबी, काळे-पांढरे केले तर ६. म्हणून छापील पावत्या, जीएसटीची बिले, ठरावांच्या टंकलिखित प्रती काळ्या-पांढऱ्या घ्याव्यात. पण शाई उडालेले मोडी पान, उर्दू शिक्क्याची कडा, हळदीच्या रंगाला गेलेला खासरा यांच्या बाबतीत जागेची काटकसर करू नये. काळ्या-पांढऱ्यात फिकट शाई सरळ नाहीशी होते, आणि मूळ कागद नष्ट झाल्यावर ती परत आणण्याचा मार्ग उरत नाही. 'अ' वर्गाचे पान रंगीतच स्कॅन करा, जागा दुसरीकडून काढा. दुसरीकडची जागा कुठे मिळते? बहुधा सीसीटीव्हीत. दोन एमबीपीएसने चालणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी लिहितो. चार कॅमेऱ्यांचे तीस दिवस म्हणजे २.६ टीबी. हे चित्रण बॅकअपच्या डिस्कवर उतरवणारी कार्यालये आहेत. घटना घडली त्या दिवसाचा तुकडा काढून ठेवणे पुरते. बाकीचे 'ड' वर्गाच्याही खालचे.

स्टुडिओचा प्रश्न वेगळा आहे. चांगल्या दर्जाच्या फोर-के चित्रीकरणाचा एक तास ४५ जीबी घेतो. लग्नसराईत एका मांडवातून तीन-चारशे जीबी येतात. इथे रोजच्या बदलाचे गणित लागू होत नाही, कारण जुने बदलत नाही, नुसते नवे येत राहते. ग्राहकाला काम दिल्यावर मूळ चित्रण किती महिने ठेवायचे हे पावतीवर छापणे, हाच तिथला जागेचा उपाय आहे.

हे सगळे आजच का? एक तर कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत. जीएसटीची हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. एप्रिल २०२३ मधल्या बिलाची मुदत त्या हिशेबाने डिसेंबर २०३० च्या अखेरीस संपते, म्हणजे पावणेआठ वर्षे. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांत बदल झाला आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असणे बंधनकारक झाले. हे नियम मुंबईच्या कंपन्यांसाठी असावेत असे वाटते. पण आपल्या तालुक्यांतल्या शेतकरी उत्पादक कंपन्याही कंपनी कायद्याखालीच नोंदलेल्या आहेत, आणि त्यांच्या संचालकांपैकी अनेकांपर्यंत ही गोष्ट पोहोचलेली नाही. २९ जून २०२२ रोजी केंद्राने ६३ हजार प्राथमिक सेवा सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. त्यांचे मुख्य व्यवहार सामायिक सॉफ्टवेअरमध्ये जातात. सातबाराचेही तसेच; १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, आणि तो राज्याच्या व्यवस्थेत सुरक्षित आहे. पण सभासदाचे अर्ज, ठराव, जामीनपत्रांची स्कॅन, पत्रव्यवहार हे सारे स्थानिक संगणकातच राहते. केंद्रात काय सुरक्षित आहे आणि आपल्या टेबलाखाली काय आहे याची यादी करणे हे जागेच्या अंदाजाचे पहिले पान.

दुसरे कारण हल्ल्यांचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केले. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरानुसार सुमारे १.३ टीबी डेटा त्यात सापडला. रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस कागदावर चालली. ई-हॉस्पिटलचा डेटा शेवटी परत मिळाला तो न बाधलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. १.३ टीबी! देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाचा हा आकडा तळहातावर मावणाऱ्या डिस्कएवढा आहे. प्रश्न जागेच्या किमतीचा नसतो. वेगळी, न जोडलेली प्रत आहे की नाही याचा असतो.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. मर्स्कच्या जगभरच्या जाळ्याची नावनिशी ठेवणारे सर्व्हर एकमेकांची नक्कल करत होते, म्हणून एकदमच गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. भारनियमनाखाली वाढलेल्या आमच्या भागातल्या वाचकाला ही घटना सहज समजेल : बंद असलेली, तार काढून कपाटात ठेवलेली प्रत हीच खरी प्रत. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, जागेच्या हिशेबात थेट गुणाकार करतो. पुस्तकातला प्रत्येक आकडा म्हणून दोनदा लिहिलेला आहे, एका प्रतीचा आणि सगळ्या प्रतींचा.

'दुसरे ठिकाण' किती दूर असावे? लातूर-नांदेडच्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावी लागत नाही. किल्लारी परिसरात गावेच्या गावे कोसळली. शेजारच्या घरी ठेवलेली वस्तू ही दूर ठेवलेली वस्तू नव्हे, हे त्या पहाटेने दाखवले. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले आणि असंख्य फायली एका दुपारी गेल्या. पैनगंगेच्या काठच्या गावांना पुराची धास्ती दर पावसाळ्यात असते. हिमायतनगरच्या कार्यालयाची दुसरी प्रत नांदेडला असावी. ती रोज इंटरनेटने जावी की महिन्याला पिशवीतून, हे अपलोडचा वेग ठरवतो. वरच्या उदाहरणातले ३५० जीबी पाच एमबीपीएसने चढवायला साडेसहा दिवस लागतात, तेही वीज आणि लाइन एकदाही न जाता. रोजचे, फाइलींच्या मापाने धरलेले, ३ जीबी मात्र ८० मिनिटांत जातात. म्हणून पहिली प्रत डिस्कवर घेऊन बसने न्यावी, नंतरची रोज तारेने पाठवावी. परत आणण्याचाही वेग मोजावा, आणि परत आणलेले ठेवायला मोकळी जागा लागते तीही हिशेबात धरावी. ती बहुतेक जण विसरतात.

पुस्तक काय करत नाही, तेही सांगतो. कुठल्या कंपनीची डिस्क चांगली, कुठली क्लाउड सेवा स्वस्त, हे त्यात नाही. ते सहा महिन्यांत शिळे होते. मोठ्या डेटा सेंटरची रचना नाही. व्हायरस लागू नये म्हणून काय करावे, हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर मराठीत बरे लेखन आहे. इथे आहे ती मोजण्याची रीत : फोल्डरांचे वर्गीकरण कसे करायचे, महिनाभर रोजचा बदल कसा टिपायचा, वाढ कशी धरायची, मुदती कशा लावायच्या आणि त्यातून निघालेला आकडा डिस्कवर छापलेल्या आकड्याशी कसा ताडायचा. पतसंस्था, शाळा, दवाखाना, अडत, स्टुडिओ आणि सोसायटी यांचे नमुने स्वतंत्र दिले आहेत, कारण त्यांच्या बदलाची चाल वेगळी आहे. अडतीत खरीप येतो तेव्हा महिन्याभरात वर्षाच्या निम्म्या नोंदी होतात; शाळेत जून आणि मार्च सोडले तर शांतता असते. ज्यांना गणिताची धास्ती आहे त्यांनी नमुने आधी पाहावेत, सूत्रे मागाहून.

प्रती घेणे आणि त्या परत आणता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून प्रत्येक नमुन्याच्या शेवटी चाचणीचे एक पान आहे. दर तिमाहीला तीन फाइली निवडायच्या, एक कालची, एक मागच्या वर्षीची, एक सर्वांत जुनी, आणि त्या दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहायच्या. उघडल्या तर तारीख घालून सही करायची. न उघडली तर ती का उघडली नाही ते त्याच पानावर लिहायचे. पुस्तकाच्या शेवटी कोरे तक्ते ठेवले आहेत : तारीख, एकूण आकार, आज वाढलेले, डिस्कवर उरलेले. पहिला महिना भरला की त्या चार रकान्यांतून आपल्या कार्यालयाचा खरा आकडा हाती येतो, आणि मार्चमध्ये दुकानात जाताना तो कागद सोबत नेता येतो.